स्वेटरच्या बाहीतला भुंगेरा

ती. आई,
इथूनच तुला वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, सर्दीबिर्दी काही नाही.

जंगलातल्या पालापाचोळ्यात मला तिळाहून बारीक भुंगेरा सापडला. ही उपजात अजून कुणी नोंदवलेलीच नाही! काल त्याचं वर्णन लिहिताना मला शिंक आली (एकच आली गं) आणि आमचा एकुलता एक नमुना उडाला. सर श्वास रोखून उभे, मी रांगत टेबलाखाली. शेवटी सापडला कुठे? तू विणलेला स्वेटर बोचतो म्हणून मी नाक मुरडायचे ना, त्याच्याच बाहीत!

म्हणून उपजातीला तुझं नाव दिलंय. वर्णनात लिहिलंय, ‘चण लहान, डिवचल्यास शेपटीसारखं पोटाचं टोक उगारून अंगावर येतो.’ एवढं बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझीच,
किडेवाली