कवळीवरचा संसार

३ फेब्रुवारी

कवळी सापडत नाही. खालची. वरची तोंडात आहे — दोनदा हात लावून खात्री केली.

खालची टोचते, म्हणून दुपारी आडवा होताना काढून मिठाच्या पाण्याच्या वाटीत ठेवतो. उठलो तर वाटीत नुसतं पाणी! उशीखाली पाहिलं, चपलांत पाहिलं, फ्रिजमध्येसुद्धा पाहिलं. मुलगा म्हणतो, "बाबा, दात काय चालत जाणारेत?" त्याला हसायला काय जातंय? त्याचे स्वतःचे आहेत.

आता वेगळीच शंका येतेय. झोपेत गिळली तर नसेल? पोट दाबून पाहिलं. डाव्या अंगाला काहीतरी टणक लागतं!

संध्याकाळी — मुलाने हात लावून पाहिलं. म्हणतो ती बरगडी आहे. असेलही. पण काल इतकी खाली नव्हती.

४ फेब्रुवारी

सापडली! आणि नाहीही.

नीट लिहितो. आमची सूनबाई समुद्रातल्या जिवांवर संशोधन करते. तिच्या ऑफिसातलं पाण्यात हवा सोडायचं यंत्र बंद पडलं, म्हणून गेल्या आठवड्यात ती तिच्या गोगलगायी घरी घेऊन आली. गोगलगायी म्हणजे काय — तीळ परवडला! समुद्राच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या काचेच्या पेल्यात असतात. पेला खिडकीत. माझी वाटीही खिडकीत. चष्मा नाकावर नव्हता. हात लांब केला आणि सोडली कवळी. वाटीत नाही — पेल्यात!

सकाळी सूनबाई पेल्याशी वाकली आणि एकदम "बाबा!" म्हणून ओरडली. म्हटलं, मेल्या वाटतं सगळ्या. दोन वर्षं ती त्यांच्यामागे हात धुऊन लागलीय. मी म्हातारा काय तोंड दाखवू हिला?

"बाबा, अंडी!"

मी म्हटलं, नकोत गं, चावायला दात कुठेत?

तर ती हसतेय, रडतेय, मुलाला मिठी मारतेय, मग मला. माझ्या कवळीवर गोगलगायींनी अंडी घातली होती! तिने भिंगातून दाखवलं. दातांवर नाही, हिरडीवर. डिंकाचे बारीक थेंब ओळीने चिकटवावेत तशी.

म्हटलं, बरं झालं. आता ती खरवडून माझी कवळी दे.

दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले जणू मी कुणाचं लेकरू रस्त्यावर टाकायला सांगितलं.

५ फेब्रुवारी

लापशी.

६ फेब्रुवारी

लापशी. दुपारी केळं. केळ्यानेही हिरडी दुखते.

सूनबाईने आज शेजारी बसवून समजावून सांगितलं. मी शाळा चौथीत सोडली, पण सावकाश सांगितलं की समजतं. ती म्हणते ही गोगलगाय नवीन आहे, अजून कुणी कुठेच लिहून ठेवलेली नाही. तिचे वरचे सर म्हणतात, "कसली नवीन? ती नेहमीची मोठी गोगलगाय असते ना, तिचं हे पिल्लू आहे." आता ही तिळाएवढीच राहते, मोठी होत नाही, हे सिद्ध कसं करायचं? तिने पेल्यात दगड ठेवून पाहिले, शिंपले ठेवून पाहिले. ढिम्म! आणि माझ्या कवळीवर एका रात्रीत संसार थाटला.

"खडकावर एक गुलाबी पापुद्रा असतो, बाबा. ह्या तिथेच राहतात. तुमच्या कवळीची हिरडी त्यांना अगदी तशीच वाटली असणार."

म्हणजे इतकी वर्षं मी तोंडात खडक घेऊन फिरतोय.

"पिल्लाला अंडी होत नाहीत," ती म्हणाली. "पण सर म्हणतील अंडी दुसऱ्याच कशाची तरी आहेत. पिल्लं बाहेर येईपर्यंत कवळी हलवायची नाही. प्लीज, बाबा. नाहीतर दोन वर्षं पाण्यात."

मी हो म्हटलं. मग खोलीत येऊन काळजी करत बसलो. रविवारी व्याही येणार आहेत!

९ फेब्रुवारी, रविवार

व्याही येऊन गेले. सूनबाईचे वडील. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आणि बत्तीशी शाबूत! येताना कधी मऊ काही आणतील? अक्रोड आणले. तेही कवचासकट.

"काय व्याहीबुवा, आज गप्प गप्प?" कडाम्. "घ्या की." कडाम्.

मी तोंडावर रुमाल धरून मान हलवत राहिलो. मुलाने सगळं सांगून टाकलं, आमच्या घरात तोंड म्हणून कुणी बंद ठेवत नाही. व्याह्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि इतके हसले, इतके हसले, की अक्रोड घशात अडकला. सूनबाईने पाठीत धपके घातले. मी मनात म्हटलं — असो. लिहीत नाही. देव बघत असतो.

१० फेब्रुवारी

आज एक अंडं पांढरं पडलंय. सूनबाईला सांगितलं तर म्हणाली, एखादं खराब होतंच. दिवसभर चैन नाही. ऊन लागतंय का? की गार पडतंय? खिडकीला माझा टॉवेल लावला. मग वाटलं अंधार होईल. काढला. मग पुन्हा लावला.

मुलगा म्हणतो, "बाबा, मी झालो तेव्हा एवढी काळजी केली होती का?"

म्हटलं, तुझी आई होती करायला.

१३ फेब्रुवारी

अंड्यांत काहीतरी फिरतंय! भिंगातून पाहिलं. ठिपक्याएवढं, गोल गोल फिरतंय. सूनबाईला ऑफिसात फोन केला. नुसत्या वरच्या कवळीने बोलणं म्हणजे — ती घाबरलीच. तिला वाटलं मला झटका आला. रिक्षा करून धावत आली.

आली ती आधी मला ओरडली, मग पेल्यात पाहिलं आणि ओरडायचं विसरली.

१७ फेब्रुवारी

सूनबाई वर्णन लिहायला बसलीय. एका तिळाबद्दल किती लिहावं माणसाने! लांबी, रुंदी, वेटोळी किती, वेटोळ्यावर रेघा किती, तोंड गोल की लांबट. आमच्या लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती. जिच्यावरून वर्णन लिहायचं ती एक गोगलगाय स्पिरिटच्या बाटलीत संग्रहालयात ठेवावी लागते, कायमची. ऐकून वाईट वाटलं. मान आहे खरा, पण तिला कुणी विचारलं?

रंगावर अडली. "बाबा, तुम्ही काय म्हणाल ह्या रंगाला?"

नीट पाहिलं. म्हटलं, कपडे धुऊन धुऊन झिजलेल्या साबणाच्या वडीचा.

"अगदी बरोबर!" म्हणाली, आणि लिहिलं — फिकट पिवळसर. मग विचारलं कशाला?

२१ फेब्रुवारी

निघाली! पिल्लं निघाली! माझ्या पुढच्या दातांवर चढताहेत. एवढीशी, पण पाठीवर शंख तयार!

२२ फेब्रुवारी

सर आले होते. उंच, गंभीर, बूट दाराबाहेर अगदी सरळ रेषेत काढणारा माणूस. टेबलावर मायक्रोस्कोप, खाली माझी कवळी. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दातांच्या फटीत पालेभाजीचा एक तुकडा राहिला होता. तो आता तिळाचा ताडाएवढा दिसत असणार!

सूनबाईने आमच्या पेल्यातल्या तिळाएवढ्या गोगलगायीच्या शंखाचं टोक दाखवलं. शंख वाढत जातो, पण तिचं बाळपणीचं घर टोकाला तसंच शिल्लक राहतं म्हणे. मग नुकतंच निघालेलं पिल्लू शेजारी ठेवलं. टोक आणि पिल्लू — हुबेहूब!

सर बराच वेळ वाकून होते. माझा जीव टांगणीला.

"हा पृष्ठभाग कसला आहे?" सरांनी विचारलं.

"ॲक्रिलिक, सर."

मला राहवेना. म्हटलं, माझ्या तोंडातला आहे. पण बाहेर आलं ते भलतंच. सरांनी मुलाकडे पाहिलं.

"बाबा म्हणताहेत, दात त्यांचे आहेत."

सरांनी एकदा मायक्रोस्कोपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तो गंभीर माणूस खुर्चीत बसला आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला. जाताना सूनबाईला म्हणाला, "पिल्लाला पिल्लं होत नाहीत, एवढं मला मान्य आहे. लिहा. मी सही करतो."

दार लागल्यावर ती माझ्या पाया पडली. मी म्हटलं, अगं, देवाच्या पड, मी फक्त चष्मा विसरलो होतो.

२ मार्च

नावावरून भांडण! स्वतःचं नाव ठेवायचं नसतं म्हणे. व्याही फोनवर — "मुलगी माझी, नाव माझंच शोभेल." मीही काही कमी नाही. फोन ओढून घेतला. म्हटलं, दात कुणाचे? ते म्हणाले, "विकत घेतलेले!" फोन ठेवून दिला.

सूनबाईने शेवटी दोघांनाही गप्प केलं. नाव जागेचं देणार. बंदराच्या धक्क्यामागे एक खडक आहे, तेवढ्याच एका खडकावर ह्या सापडतात. दुसरीकडे तिने सगळीकडे शोधलं. "घर आहे ते त्यांचं," म्हणाली.

ठीक आहे. व्याह्यांचं नाही ना, मग ठीक आहे.

१० मार्च

दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणतात, "जुनी आणा, औषधाच्या पाण्यातून काढून देतो, चकाचक होईल." सूनबाई म्हणाली, ह्या रविवारी सगळ्यांना परत त्यांच्या खडकावर सोडते, सोमवारी कवळी तुमच्या हातात. भाकरीची — नाही, कुठल्याही कडक वस्तूची स्वप्नं पडताहेत.

१६ मार्च, रविवार

सूनबाई पेला जसाच्या तसा घेऊन परत आली. खडक नाही. धक्का वाढवताहेत. सुरुंग लावून फोडला, वर काँक्रीटही ओतून झालं. पाण्यात उतरून बघायला गेली तर तिथल्या माणसाने हाकललं. पेल्यापाशी बसून मोजत राहिली. जगात आता एवढ्याच.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं, नवीन करा, वरची-खालची दोन्ही. वरचीला टाळू असते, गुलाबी जागा जास्त. ती आत्ताच काढून घासली, धुतली आणि हळूच पेल्यात सोडली.