हँडल वळवलं नाही

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न वाचताच फाडणार नाहीस, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तरी हे मला फोनवर बोलता आलं नसतं. दोन वाक्यांत तू ठेवून दिला असतास आणि माझीही सुटका झाली असती. पत्ता तुझ्या त्या जाड्या मित्राकडून काढला, मागे तुझी कागदपत्रं न्यायला आला होता त्याच्याकडून. त्याच्यावर चिडू नकोस. पाच-सहा वेळा फोन करून मी त्याला भंडावून सोडलं, तेव्हा कुठे बोलला बिचारा.

बाबा बरे आहेत, म्हणजे तू गेलास तेव्हा होते तसेच आहेत. वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून न्हाणीघरापर्यंत, एवढंच त्यांचं जग. दुकानात काय चाललंय ते मात्र रोज विचारायचे. कोणती गाडी आली, काय बिघाड निघाला. मी भाजी चिरता चिरता सांगायचे आणि ते पलंगावर बसल्या बसल्या दोष ओळखायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचे, त्यामुळे माझं डोकं फिरायचं. मी थकलेय रे. उजवा खांदा वर जात नाही, बारीक वायर सोलायची तर चष्मा शोधावा लागतो, आणि चष्मा शोधायला दुसरा चष्मा लागेल अशी परिस्थिती आहे.

त्यात गेले काही महिने दुकानात नुसता दिव्यांचा बाजार भरलाय. जो तो जुना पिवळा बल्ब काढतो आणि एलईडी बसवतो. त्यात काय मोठंसं, तो काढायचा, हा घालायचा, असं त्यांना वाटतं. मग चार दिवसांनी तोंड पाडून येतात. दिवा लुकलुकतो. इंडिकेटर वेड लागल्यासारखा टकटकतो. बॅटरी सकाळी मेलेली असते. मी सांगून सांगून थकले, की बाबांनो, जुन्या गाडीत हेडलाइटला करंट थेट इंजिनाकडून येतो, हेलकावे खात. पिवळ्या बल्बची तार तापलेली असते, तिला मधल्या झोक्यात विझायला वेळच मिळत नाही, म्हणून ते कधी दिसलं नाही. एलईडीला बॅटरीकडचा सरळ करंट द्यावा लागतो, नवी वायर ओढावी लागते. पण पालथ्या घड्यावर पाणी. एकाने तर दिवा उलटाच बसवला होता आणि महिनाभर झाडांवरचे पक्षी उठवत फिरत होता. रस्ता दिसत नाही म्हणून माझ्याशीच भांडायला आला.

अशात एक नर्सबाई आली. नवऱ्याची जुनी मोटरसायकल चालवते, आणि झकास चालवते. दिवा तिने दुसरीकडून बसवून घेतला होता. तक्रार एकच, दवाखान्याच्या फाटकाशी वळताना दिवा जातो आणि गाडी सरळ झाली की आपोआप येतो. नवरा म्हणतो, तुझाच अंगठा बटणाला लागत असेल. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हातमोजे पिळत होती आणि हसत होती. चारदा सांगून चारदा ज्याचं हसं झालंय ते माणूस पाचव्यांदा आधी आपणच हसून घेतं, तसं. मला ते हसू बघवेना.

पहिल्या खेपेला मी बॅटरी तपासली, इंजिन चालू ठेवून मीटरने चार्जिंग मोजलं, सगळं ठीक. दुसऱ्या खेपेला हँडलवरचं बटण खोलून साफ केलं, दिव्यामागचा कनेक्टर नवा घातला. तिसऱ्या खेपेला रिले बदलला. दर वेळी गाडी स्टँडवर, हँडल सरळ, दिवा लख्ख. दर वेळी मी तिला म्हटलं, झालं आता, जा. तीन आठवडे ती बाई त्या दिव्याच्या भरवशावर येत-जात होती. बारक्या, तुलाही बाबांनी वायरिंग शिकवलंय. वळताना दिवा जातो म्हटल्यावर कोणीही आधी काय करेल? हँडल वळवून बघेल. मी तर गेली चार वर्षं कुठल्याही गाडीचं हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघितल्याशिवाय ती सोडत नाही. हिची मात्र तीनदा सोडली. मनात पहिल्याच दिवशी आलं होतं, आणि माझा हात पुढे गेला नाही.

चौथ्यांदा आली तेव्हा ती हसत नव्हती. गाडीवर बसली, चावी फिरवली, दिवा लावला आणि माझ्यासमोर हँडल उजवीकडे वळवलं. दिवा गेला. सरळ केलं, आला. परत वळवलं, गेला. किती वेळा केलं तिने कोण जाणे, आणि दर वेळी मला म्हणायची, बघा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवा विझला म्हणून इतका आनंद झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोष टाकीच्या पुढे, सांगाड्याच्या मानेशी होता. तिथे दिव्याची काळी अर्थिंगची वायर बोल्टने आवळलेली असते. ज्याने बसवली त्याने रंग न खरवडता रंगावरच आवळली होती. रंगातून करंट जात नाही, बोल्टच्या आट्यांतून जेमतेम कुठेतरी धातू धातूला टेकायचा. हँडल वळलं की वायर ओढली जायची आणि तेवढंही सुटायचं. पिवळा बल्ब असता तर आधी मंदावला असता, माणूस सावध झाला असता. एलईडी मंदावत नाही, एकदम जातो. आणि हँडल सरळ असलं तर मीटरलाही काही कळत नाही, तेवढ्याशा टेकण्यावर मीटर समाधानी असतं.

घासायच्या कागदाने रंग काढून पत्रा उघडा केला, वायर थोडी सैल सोडून बोल्ट आवळला. दहा मिनिटांचं काम. मग बाई म्हणाली, मला हे लिहून द्या. मी म्हटलं, काय? तर म्हणाली, दोष गाडीत होता असं लिहून द्या, सही करा, दुकानाचा शिक्का मारा, मला घरी दाखवायचंय. मी लिहिलं, दोष वायरिंगमध्ये होता, चालवणाऱ्याची चूक नव्हती. शिक्का मारला. ती तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवून गेली, आणि मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिले. एका परक्या बाईला मी दहा मिनिटांत लिहून दिलं ते. तुला चार वर्षांत दिलं नाही.

तुझी ती संध्याकाळ मी तिथे नसूनही मला पाठ आहे. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेऊन येत होतास. दिवेलागण होत होती. लाकडाच्या वखारीशी तू वळलास, समोर काही दिसेनासं झालं, आणि गाडी खडीच्या ढिगावर गेली. तुला खरचटलं. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. तू पहिल्या मिनिटापासून एकच सांगत होतास, दिवा आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी मी गाडी दुकानात आणून स्टँडवर लावली. दिवा एलईडीच, मीच बसवलेला, पंधरा दिवसांपूर्वी. लख्ख लागला. मीटरवर सगळं ठीक. दवाखान्यात येऊन तुझ्यासमोर बाबांना सांगितलं, दिव्याला काही झालेलं नाही, हा लावायलाच विसरला. बाबा म्हणाले, अक्काचं मीटर खोटं बोलत नाही. सात दिवस तू जीव तोडून भांडलास. आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या खाटेशी उभा राहिलास आणि म्हणालास, असेल बाबा, माझ्याच हातून राहिलं असेल. बाबांनी तुझ्यापासून तोंड फिरवलं, ते आजतागायत. महिन्याभरात तू बॅग भरलीस.

नर्सबाईच्या गाडीवरून मला आत्ता कुठे कळलं, तुझ्याही गाडीत बहुधा तेच झालं असावं, असं लिहिलेले दोन कागद मी फाडले. हा तिसरा. खरं असं आहे की मला त्याच आठव्या दिवशी कळलं होतं. दुपारी. तुझी गाडी मागच्या खोलीत नेऊन ठेवत होते, आत अंधार म्हणून दिवा लावला, दारातून घेताना हँडल वळवलं आणि दिवा गेला. मी जागच्या जागी समजले. सांगाड्याला नुकताच रंग दिला होता आणि मी त्या रंगावरच वायर आवळली होती. बाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट, आधी पत्रा उघडा कर. पण त्या कुरिअरवाल्यांच्या अकरा गाड्यांना दिवे बसवायचे होते, मी घाईत होते. दार लावलं, रंग घासला, बोल्ट आवळला. तेवढ्यात तू माझा डबा घेऊन आलास. दाराबाहेरून विचारलंस, अक्का, काही सापडलं का? घासायचा कागद माझ्या मुठीत होता. मी आतूनच म्हणाले, काही नाही. डबा ठेवून तू दवाखान्यात गेलास आणि बाबांना जे म्हणालास ते म्हणालास.

पुढच्या दोन दिवसांत त्या अकरा गाड्या मी फुकट तपासणी आहे म्हणून परत बोलावल्या आणि सगळ्यांचे बोल्ट नीट केले. परक्या अकरा माणसांची काळजी घेतली. तुझ्याबद्दल म्हणशील, तर बाबांनी दुकान माझ्या हाती देऊन जेमतेम तीन महिने झाले होते. बाईच्या हाती वायरिंग दिलं म्हणून लोक त्यांना नावं ठेवत होते आणि ते छाती पुढे काढून फिरत होते. त्याच माणसाचं हाड मी मोडलं, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते? आणि आता लाजच सोडली आहे तर हेही लिहिते. आई गेल्यापासून घर मी ओढायचं आणि लाड तुझे व्हायचे. एकदा तरी चूक तुझी ठरली, याचं मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही, पण वाटलं होतं.

तुझा मित्र सांगत होता, तू गाडीला हात लावत नाहीस, दोन बस बदलून कामाला जातोस. ते एक वेळ चालेल. पण म्हणाला, खोलीला कुलूप लावून निघालास की गल्लीच्या टोकापासून परत येतोस, ओढून बघतोस. गॅससाठी पुन्हा येतोस. कोणी काही म्हटलं तर म्हणतोस, मी विसरतो रे. बारक्या, तू कधीच विसराळू नव्हतास. दिवा तू लावला होतास. माझ्या एका शब्दापायी तू तुझ्याच डोळ्यांवरचा विश्वास घालवलास, आणि मी ते चार वर्षं होऊ दिलं. मला याची माफी मागायलाही तोंड नाही, तरी मागते.

रविवारी सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते चहा घेत होते. दोनच गोष्टी विचारल्या, कोणता बोल्ट आणि कोणता दिवस. आठवा दिवस, दुपारी, म्हटल्यावर कप खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील, मी त्याची वाटच बघत होते. ओरडले नाहीत. तो विसरला नव्हता, एवढंच स्वतःशी दोनदा म्हणाले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. वाढते ते जेवतात, दुकानाचं काही विचारत नाहीत. काल मात्र वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, एवढं लांब ते कधी येत नाहीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, त्याला बोलव. मी म्हटलं, सांगा, काय लिहू तुमच्याकडून? तर म्हणाले, माझं त्याच्याशी जे आहे ते तुझ्या हाताने जाणार नाही, तू फक्त ये म्हणून लिही. ते लिहायला हे पत्र. ये. तू येशील त्या दिवशी मी दुकानातच थांबेन, तुमच्या दोघांच्या मध्ये येणार नाही. बोलणं झाल्यावर वाटलं तर निरोप धाड, मी घरी येईन. नाही वाटलं तर तू परत निघेपर्यंत मी तिथेच बसेन.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
अक्का