अबोलीच्या हातापुढं पळालेला ड्रम

ती. सौ. मंदाकिनी मावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय आणि ते तिथंच राहू दे, कारण वर काढलं की तू हाणशील. अबोली आज घरी येऊन तुला जे सांगणार आहे ना, की मला कंडक्टिंग जमत नाही, मी मास्टर्स सोडते, ते माझ्यामुळं झालंय. ती पुढं उभी राहून बँड चालवत होती आणि मी मागून मोठा ड्रम मुद्दाम पळवत वाजवला. मुद्दाम, मावशी. आता पाणी पी, आणि मग पुढची ओळ वाच.

बाकी तुझा गुडघा कसा आहे? काकांची शुगर? मिल्टनला बर्फ किती पडला, आणि ड्राइव्हवे काका स्वतःच शोव्हल करतायत का? (मी येऊन करतो म्हणालो होतो. तो गुन्हा वेगळा, त्याची माफी वेगळी मागेन.) माझी तब्येत बरी आहे. अन्न गोड लागत नाही असं लिहिणार होतो, पण तू पाठवलेल्या चकल्या मी एका बैठकीत संपवल्या हे अबोली तुला सांगेलच, म्हणून राहू दे.

फोन का नाही केला विचारशील. फोनवर माझ्या ‘हॅलो’नंतर सगळं तूच बोलतेस. आणि व्हॉट्सॲपवर माझ्या बोटांचा मला भरवसा नाही, मागं काकांच्या टकलावरचा जोक कसा थेट फॅमिली ग्रुपवर गेला ते तू विसरली असशील, काका नाही विसरले. म्हणून हे पत्र चकलीच्या रिकाम्या डब्यात तळाशी टिश्यूखाली ठेवलंय आणि डबा अबोलीच्याच हातात दिलाय. आत सुक्या बोंबलाचा वास बसलाय, बसमध्ये उघडू नकोस, असं तिला सांगितलंय. (खोटं आहे. तुझ्या डब्यात मी बोंबील ठेवेन का? नीट घासलाय, बघ.)

तर मूळ गोष्ट. अबोली काय शिकते हे तुला तरी नीट माहितीये का? काका तर ओळखीच्यांना ‘म्युझिक मॅनेजमेंट’ सांगतात, कारण दिवाळी पार्टीत कुणीतरी विचारलं होतं, मग मुलगी वरातीत घोड्याच्या पुढं चालणार का? तसलं नाही ते. विंड बँड म्हणजे सगळी फुंकायची वाद्यं. क्लॅरिनेट, फ्लूट, ट्रम्पेट, आणि तो ट्यूबा नावाचा अजगर, जो मांडीवर घेतला की माणूस दिसेनासा होतो. व्हायोलिन औषधालाही नाही. आणि सगळ्यांच्या मागं आमच्यासारखे बडवणारे. इथं कॅनडात प्रत्येक शाळेत असा बँड असतो, अबोली सहावीत क्लॅरिनेट घेऊन घरी आली होती आणि काका म्हणाले होते, हे गणिताच्या मार्कात धरतात का? त्या सगळ्या बँडांना पुढं उभं राहून चालवणारा माणूस लागतो. तो माणूस व्हायचं शिक्षण म्हणजे हे.

आणि शिक्षण तरी कसलं! तुझ्या मुलीला मी आम्ही दोघं राहतो त्या बेसमेंटच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीला आत घेताना बघितलंय. म्हणजे शिट्टी व्हायच्या आधी ती डाव्या हातानं इशारा देते, आणि शिट्टी झाली नाही तर कुकरकडं रागानं बघते. ग्रोसरीच्या लाइनीत उभी राहून चार मात्रांचा ताल हवेत मारते. घरी नोटेशनचा कागद पुढं ठेवून तासन्‌तास नुसती बघत बसते, आवाज नाही काही नाही, तू गुरुचरित्राला बसतेस तशी. मी एकदा विचारलं, वाचतेस काय? तर म्हणाली, ‘ऐकतेय. डिस्टर्ब नको करू.’ कागद ऐकतेय! मी हसून हसून पलंगावरून पडलो. तेव्हाच देवानं माझे हात मोडायला हवे होते.

या पोरांना हात चालवायला समोर खरा बँड लागतो, म्हणून प्रत्येक गुरुवारी पिझ्झाच्या बोलीवर वाजवणारी माणसं गोळा करतात. त्यांचा मोठ्या ड्रमवाला पोरगा नोकरीला लागून गेला आणि अबोलीला आठवलं की मी पुण्यात पथकात ढोल वाजवायचो. मी गेलो पिझ्झासाठी. (माझ्या कॉलेजातल्या सप्लाय चेनच्या लेक्चरला पिझ्झा नसतो.) या मास्टर्सवाल्यांपैकी ज्याची पाळी नसते तो बँडमध्ये बसून वाजवतो. तसा ट्रेव्हर नावाचा एक माझ्या शेजारी झांजा वाजवतो. सस्कॅचवानच्या शेतावरचा आहे, हात असे की गव्हाचं पोतं उचलावं तसा बँड उचलतो. एकदा ब्रेकमध्ये मी त्याला म्हणालो, तुम्ही लोक उगाच हवा ढवळता, ही सगळी माणसं ऐकतात माझ्या ड्रमला. तो म्हणाला, नो वे, ऐकतात हाताला. मी म्हणालो, दाखवू? तो म्हणाला, शुअर, माझ्या पाळीला कर.

आता नीट वाच, कारण खरा नीचपणा इथं आहे. त्याच्या पाळीला मी नाही केलं. त्याचे हात बघून मला भीती वाटली की जमणार नाही, आपलं हसं होईल. म्हणून मी अबोलीची पाळी निवडली. घरचं माणूस, चिडलं तरी संध्याकाळी वरणभात वाढणारं.

मार्च होता. लेफ्ट राइट, लेफ्ट राइट, मोठ्या ड्रमला दुसरं कामच नाही. सुरुवातीला मी गुणी बाळासारखा तिच्या हाताबरोबर होतो. मग किंचित पुढं सरकलो. मग अजून किंचित. क्लॅरिनेटवाल्या पोरी आधी बावरल्या, मग माझ्यामागं आल्या. फ्लूटचा चिवचिवाट झाला. ट्यूबावाला टोमॅटोसारखा लाल. अबोलीनं एकदा वर बघितलं, सरळ माझ्याकडं. तिचा हात जरासा अडला. मला वाटलं, आता ओढणार मला मागं. आणि मावशी, तिनं नाही ओढलं. ती माझ्याबरोबर आली. मग काय, शेवटची बस चुकू नये म्हणून धावावं तसा तो मार्च संपला. मी ड्रमच्या आड वाकून हसत होतो. ट्रेव्हर हसत नव्हता. तो हळूच म्हणाला, ड्यूड, आज तिचं ग्रेडिंग आहे.

शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. ईमेल आला होता म्हणे. मी ईमेल वाचणारा माणूस असतो तर सप्लाय चेनमध्ये असतो का? शूटिंगचा कॅमेरा दर वेळी असतो, त्यांच्या प्रोफेसरबाई दर वेळी हॉर्नवाल्यांच्यात बसून ऐकतात, मला वाटलं रोजच्यासारखं आहे. त्या दिवशी ठरणार होतं की वसंतातल्या मोठ्या कॉन्सर्टला पुढं कोण उभं राहणार, आणि ते केल्याशिवाय यांची डिग्री होत नाही. बाईंनी अबोलीला बाजूला घेऊन सांगितलं, तू बँड चालवला नाहीस, बँडनं तुला चालवलं, यंदा तुला उभं करता येईल असं वाटत नाही.

घरी येताना मी आपला जोक मारला, की चल, लवकर संपवलंस, पिझ्झा गरम मिळाला. ती बेसमेंटच्या पायरीवर बूट न काढता बसली आणि मला म्हणाली, ‘निमिष, यू आर ओके ना? तू खूप रश करत होतास. मला वाटलं तू नर्व्हस झालायस. तुला मागं ओढलं असतं तर सगळ्यांनी वळून तुझ्याकडं बघितलं असतं, म्हणून मी तुझ्याबरोबर आले.’

मावशी, मी आयुष्यात पुष्कळांना फसवलंय, पण फसलेल्या माणसानं उलट माझीच काळजी केली असं कधी झालं नव्हतं. तिनं बाईंनाही सांगितलं नाही की ड्रम पळत होता म्हणून. माझं नाव घेतलंच नाही. म्हणाली, माझंच काहीतरी बेसिक चुकतंय, बाबा म्हणतात तो डेटाचा कोर्स करते. आणि बॅग भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरबाईंच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. इंग्रजी लटपटत होतं. सगळं सांगितलं. मला वाटलं, चला, आता माझा कान धरतील, अबोलीचं नाव परत लावतील, विषय संपला. बाई चहा ढवळत म्हणाल्या, मला माहितीये. मी तुझ्यापुढं बसले होते, बहिरी नाही. मी म्हणालो, मग तिला का काढलं? तर म्हणाल्या, ड्रमवाले पळतातच. उद्या तिच्यापुढं शाळेतली पोरं असतील, ती तर घाबरून पळतील, वाह्यातपणानं पळतील, मधेच भूक लागली म्हणूनही पळतील. तू का पळालास याच्याशी मला घेणं नाही. ती तुझ्यामागं का गेली, तेवढं बघायचंय. मग म्हणाल्या, मी नक्की काही ठरवलेलं नाही. येत्या गुरुवारी परत घेते. तू परत तसाच पळ. पण तिला आधी कळता कामा नये, कळलं तर ती फक्त तुझ्यावर पहारा ठेवेल, बाकीचा बँड जाईल वाऱ्यावर.

म्हणजे बघ माझी दशा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला खोडी काढायचा हुकूम मिळालाय, तोही प्रोफेसरकडून, आणि हातातली काठी उचलवत नाही.

तुझा (असून नसून सारखा) भाचा,
निमिष

ता. क. : खरं काम आता सांगतो. रविवारी तिला परत पाठव. काकांना डेटाच्या कोर्सचा आनंद होईल, तो त्यांना चेहऱ्यावर आणू देऊ नकोस, त्यांना बटाटेवडे कर, तोंड भरलेलं राहील. आणि एक गोष्ट लिहायची हिंमत होत नाही, पण लिहितो. लहानपणापासून तू तिला सांगत आलीस, समोरचा चुकला तरी चारचौघांत त्याला उघडं पाडू नये, आपण सांभाळून घ्यावं. ती घेते. पाहुण्यांना घेते, काकांना घेते, मला तर रोज घेते. तेवढं एकदा तिला सांग, की पुढं उभी असताना घेऊ नकोस. माझ्याकडून ऐकणार नाही, मला बोलायचा हक्कही नाही. तू सांगितलंस तरच तिला ते खरं वाटेल.

ता. क. दुसरा : ड्रमचं तिला सांगू नकोस. काकांनाही नाही. माझ्या आईला तर मुळीच नाही, ती पुण्याहून व्हिडिओ कॉलवर चप्पल दाखवते. गुरुवारनंतर मी स्वतः तिला सांगणार आहे, मग ती मला बेसमेंटमधून बाहेर काढो की बर्फात पुरो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : हे लिहिताना एक खोटं लिहिलं, ते दुरुस्त करतो. नुसता ट्रेव्हरला दाखवायचं म्हणून मी नाही पळालो. त्याच्या आदल्या गुरुवारी एका संथ तुकड्यात माझ्या ड्रमला सबंध वेळात एकच ठोका होता. मी मोजायचं सोडून खिडकीबाहेर बघत होतो. अबोलीनं अगदी वेळेवर माझ्याकडं बघितलं, हात नुसता उघडला, आणि माझी काठी आपोआप पडली, जिथं पडायला हवी होती बरोबर तिथं. मला ते सहन नाही झालं. ज्या पोरीला मी कुकरवरून चिडवतो, तिनं मला न बोलता, न रागावता कामाला लावलं होतं. त्याचा मी सूड घेतला. आता गुरुवारी मी जीव तोडून पळणार आहे, जराही सूट देणार नाही, आणि देवाकडं मागतोय की तिनं मला सगळ्यांसमोर खेचून जागेवर आणावं, सगळ्यांनी वळून माझ्याकडंच बघावं. मावशी, हात जोडतो, बाकी एक वेळ फुटलं तरी चालेल, पण मी हरायची वाट बघतोय हे कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस.