शेवटच्या बाकापर्यंत

२३ जून २००३

घसा गेला! पहिल्याच दिवशी! एफ.वाय.चा वर्ग, नव्वद पोरं, वर पत्रे, आणि पत्र्यांवर पोलादपूरचा पाऊस. पाऊण तास नुसती बोंबलत होते. पहिल्या बाकावरची पोरं माझ्याकडे बघत होती ती दयेनं.

स्टाफरूममध्ये चहा घेताना इंग्रजीचे सर म्हणाले, "साळवी मॅडमचा आवाज असाच गेला हो. अठरा वर्षं लागली त्यांना. तुम्ही फारच घाई करताय." सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड उघडलं, आवाज काही आला नाही.

नीला साळवी मॅडम म्हणजे जिच्या जागेवर मी आहे ती बाई. गळ्याची शस्त्रक्रिया झाली, वर्षभर रजेवर. माझ्या ऑर्डरवर लिहिलंय — "रजेच्या कालावधीपुरती नेमणूक, ३० एप्रिलपर्यंत". पाच वर्षांतलं हे माझं चौथं कॉलेज. दर एप्रिलला आभार, दर जूनला नवा अर्ज. जुनैदभाई दोह्याहून फोनवर चिडवतो, "तू काय मास्तरीण नाय गो, हापूस आंबा हायस. एप्रिल आला की घरी!"

हसायला येतं. नंतर येत नाही.

२८ जून

साळवी मॅडमना भेटून आले. प्राचार्यच म्हणाले होते, भूगोल त्यांचा विषय आहे, एकदा विचारून घ्या. घर पोलादपुरातच, बाजाराच्या मागे. दारातच त्यांचे यजमान, महिपतीभाऊ. भातशेती करतात. चपला काढायच्या आत तंबी — "तिला बोलाला लावू नका हां मॅडम. डाक्टरनी नाय म्हनून सांगितलाय."

मॅडम बारीकशा, चष्म्याआडचे डोळे एकदम तल्लख. दोन-चार वाक्यांची परवानगी आहे म्हणे. आवाज कागद चुरगाळल्यासारखा. त्या हळू बोलतात म्हणून मीही हळू बोलायला लागले, मग महिपतीभाऊही. तिघं बसून चोरासारखे कुजबुजत होतो. शेवटी मॅडमनाच हसू फुटलं आणि खोकला आला. मग आत्ता जा म्हणाले महिपतीभाऊ.

निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "पावसाशी भांडू नकोस. तो आला की फळ्याकडे वळ आणि नकाशा काढ. ओसरला की बोल. तुला तीस वर्षं काढायचीत."

तीस वर्षं! बाई, मला एप्रिल काढायचाय.

२ जुलै

जमतं! पाऊस कोसळला, मी गप्प फळ्याकडे वळले आणि सावित्री नदी काढायला घेतली, उगमापासून. पोरं आपोआप वह्या उघडून बसली. पाऊस थांबला तेव्हा मी महाडपर्यंत आले होते. म्हटलं, आता बोलू.

९ जुलै

मॅडमचा दुसरा सल्ला: हजेरी तासाच्या शेवटी घे. कशेडीकडून येणाऱ्या पोरांची एसटी घाटात ट्रकमागे अडकते, ती दहा मिनिटं उशिरा येतात. सुरुवातीला हजेरी घेतलीस तर वर्षाअखेरी तीच पोरं परीक्षेला बसायची राहतात, आणि ती आळशी नसतात. तिसरा: एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला डुलकी काढत असेल तर काढू दे, पण पुढच्या बाकावर बसवून. मागे झोपला तर घोरतो, आणि मागच्यांची करमणूक होते.

हे बी.एड.च्या पुस्तकात नाही. एम.ए.च्या तर नाहीच.

१६ जुलै

आज आवाज शाबूत घरी आणला.

४ ऑगस्ट

नाही म्हणता न आल्यामुळे मी आता एन.एस.एस.ची सहायक, गॅदरिंग समितीची सदस्य, भित्तिपत्रकाची संपादक आणि — आज कळलं — महिला तक्रार समितीतही! मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, "नव्या माणसाला सगळे ओझ्याचा बैल समजतात. एक काम घे, ते नीट कर. बाकीच्यांना सांग, साळवी मॅडमनी नाही म्हणायला सांगितलंय. शिव्या मला पडू देत. मी कुठे ऐकायला आहे तिथे!"

इतकी माया का करते ही बाई? सोमवार-गुरुवार सुटल्यावर जातेच मी. महाडची शेवटून दुसरी गाडी चुकते, अम्मी ओरडते. महिपतीभाऊ हल्ली अडवत नाहीत. आजच काकड्या दिल्या पिशवीभर.

१२ सप्टेंबर

शुक्रवार. जुनैदभाईचा फोन. अम्मीनं त्याला सांगितलं, पोरगी सुकली, जागा कायमची होईल का नाय त्याचा घोर हाय. तो मला म्हणाला, "त्या मॅडमचा काय? येनार परत का नाय?"

म्हटलं, माहीत नाही.

मगरीबच्या नमाजानंतर दुआला हात उचलले. रोज मागते तेच — जागा मिळू दे. आणि आज पहिल्यांदा डोक्यात आलं की मी काय मागते आहे. जागा एकच आहे. ती मला मिळायची तर त्या बाईचा आवाज परत येता कामा नये. तीन महिने मी रोज हात पसरून हेच मागत होते! हात तसेच खाली घेतले. काही मागितलं नाही. जेवले पण नाही नीट.

८ ऑक्टोबर

मी ओटीवर पोचले आणि आतून हाक आली, "हुमेरा, चहा घेणार?" हाक! कुजबुज नाही. घोगरी होती, पण हाक होती. महिपतीभाऊंच्या डोळ्यांत पाणी. "आयकलात? सकालपासनं चालू हाय. मला पन वरडली!"

मला आनंद झाला. खरंच झाला, खोटं कशाला लिहू. मॅडमना मिठी मारली. चहा अर्धा झाला तेव्हा विचारलं, कॉलेजात कधी येणार? दिवाळीनंतर बघू, जानेवारीत बघू, असं डॉक्टर म्हणालेत म्हणे. मी म्हटलं, वा! हा "वा" मलाच खोटा वाटला.

२२ नोव्हेंबर

मॅडमनी मला त्यांचे भिंतीवरचे नकाशे दिले. स्वतः कापडावर रंगवलेले. गुंडाळी करून माझ्या खांद्यावर ठेवली. "वर्गात लाव. इथे वाळवी खाईल." रोजा होता, पाणी प्यायला नको म्हणाले तर त्याही प्यायल्या नाहीत माझ्यासमोर.

देऊ नका मला काही, असं ओरडावंसं वाटत होतं.

१५ जानेवारी २००४

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मॅडमची शिल्लक रजा संपली, बिनपगारी वाढवायला संस्था तयार नाही. फेब्रुवारीत रुजू व्हायचं, नाहीतर वैद्यकीय कारणावरून निवृत्ती. डॉक्टरांनी जपून शिकवायला हरकत नाही असं दिलंय. पण संस्थेचं म्हणणं, नव्वद पोरांच्या वर्गात आवाज पोचणार आहे का ते आधी बघा. मी माईकचं विचारलं. सर म्हणाले, "वीज असते का मॅडम आपल्याकडे?"

मग हातातलं पेन ठेवून, न विचारता सांगितलं — "त्या नाही आल्या तर जाहिरात निघेल. पण माणूस आमच्या डोळ्यांसमोर आहेच."

माझ्या तोंडून निघालं, थँक यू सर. कशाबद्दल थँक यू? जीभ कापून टाकावीशी वाटली.

२१ जानेवारी

ठरलं. मॅडम एक तास घेणार, एफ.वाय.चाच. सर समोर बसले तर दडपण येईल, म्हणून कुणीतरी शेवटच्या बाकावर बसायचं आणि आवाज पोचला का ते सांगायचं. सरांनी इंग्रजीच्या सरांचं नाव सुचवलं होतं. मॅडमनी निरोप पाठवला, हुमेरा बसू दे.

त्यांच्या घरी जाऊन भांडले. "मला का अडकवता? तुम्हाला माहीत नाही मी कोणत्या जागेवर आहे ते?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर. दुसरा कुणी असला तर मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल, नाहीतर संस्थेला बरं वाटावं म्हणून नाही म्हणेल. तू आहे ते सांगशील."

महिपतीभाऊ गोठ्याकडे निघून गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

१० फेब्रुवारी

झाला तास.

मॅडमनी मोतिया साडी नेसली होती. पोरं उभी राहिली, बसली. मी शेवटच्या बाकावर, कशेडीच्या गाडीनं उशिरा येणाऱ्या अक्षदाच्या शेजारी. मॅडमनी फळ्यावर नदी काढली, वळणावळणाची. आणि बोलायला लागल्या.

मला ऐकू आलं नाही.

कान टवकारून बसले होते. श्वास धरून. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. "वळण" आलं, "पाणी" आलं, बाकी काही नाही. हायवेवरचा ट्रक ऐकू आला. खालच्या मजल्यावर शिपाई भिकू बादली ओढत होता, ती ऐकू आली. माझी छाती धडधडत होती, तीही. मध्येच वर्ग हसला. कशाला ते कळलं नाही. पुढच्यांना आलं असेल ऐकू. बाकी सगळे चिडीचूप — कंटाळून असणार. पाऊण तास असं बसणं म्हणजे काय असतं!

तास संपल्यावर मॅडमनी लांबूनच माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

इथे तरी खोटं लिहिणार नाही. अल्लाची कसम, नाही आलं ऐकू.

११ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. आलं म्हणून सांगू? म्हणजे मी चांगली ठरते, मॅडम परत येतात, आणि जुलैत पावसात तीन वर्ग, पुन्हा तोच घसा. ह्या वेळी कायमचा जाईल. आणि नाही म्हणून सांगू? ते खरं आहे. पण ते खरं माझ्या इतक्या सोयीचं का असावं!

सकाळी केबिनमध्ये गेले. "पोचला का?" "नाही सर." "अजिबात?" "एखाददुसरा शब्द." सरांनी मान हलवली आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेले. इतक्या लवकर झालं सगळं.

बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

१६ फेब्रुवारी

पाच दिवस हिंमत झाली नाही. आज गेले. महिपतीभाऊ ओटीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, "जा आत. वाट बगते." एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "रडतेस कशाला? खरं सांगितलंस ना?" मी हो म्हटलं. "मग झालं. मला वाटलं होतं पोचतोय. वर्ग इतका शांत होता... पण उभं राहून काय कळणार? तुला नाही आलं म्हणजे नाहीच आलं." अठरा वर्षं शिकवलेली बाई अशी खिडकीबाहेर बघत बसलेली मला बघवेना. निघताना पुन्हा सल्ला, "जूनपासून बी.ए.ला दोन पेपर तुझ्याकडे येतील. प्रात्यक्षिकाची बॅच सकाळची माग. दुपारी पोरं पेंगतात."

अशी माणसं असू नयेत. त्यांच्यासमोर उभं राहता येत नाही.

२७ फेब्रुवारी

मॅडमनी निवृत्तीच्या कागदावर सही केली. संस्थेचा ठराव झाला. जाहिरात पुढच्या आठवड्यात, पण सर म्हणाले काळजी नको. अम्मीनं शेवयांची खीर केली, अब्बांनी टेम्पो धुऊन काढला, जुनैदभाई फोनवर ओरडला — "आंबा बारमाही झाला काय गो!"

खीर खाल्ली. रात्री बरी झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

९ मार्च

उजळणीचा तास. एकेकाला उभं करून प्रश्न विचारत होते. अक्षदाला विचारलं, नदीच्या वळणावर गाळ कुठल्या बाजूला साचतो? पुस्तकात कोरडं वाक्य आहे, मी तेच शिकवलेलं. ती म्हणाली, "आतल्या बाजूला. घाटात एसटी वळली की सगळी माणसं भायेरच्या अंगाला रेटतात, आतल्या अंगाला जागा होते, तिथं गाठोडी ठेवतात. नदी पन तिचा गाठोडा आतच ठेवते." वर्ग हसला.

म्हटलं, हे कुणी सांगितलं तुला?

"साळवी मॅडमनी. त्या दिवशी तास घेतला ना त्यांनी."

"तुला ऐकू आलं?"

"हो मॅडम. आम्हा मागच्या सगळ्यांना आला." मग जरा गोंधळून म्हणाली, "तुम्ही पन होतात की. माझ्याच बाकावर."