शंभर टक्के बारा नंबर

३ जानेवारी
संकल्प: पेशंटच्या तोंडात हात असताना बास्केटबॉलवर बोलायचं नाही. हा संकल्प माझ्या वतीने बायकोने केला. तिचं म्हणणं, माझे पेशंट एकेक करून भिंतीपलीकडे तिच्या केबिनमध्ये सरकतायत. दवाखाना दोघांचा, दात त्यांचेच. मग बिघडलं कुठे?

४ जानेवारी, दुपारी
आपल्या शहराच्या टीमचे कोच आले. दाढ ठणकत होती. संकल्प पाळला. भूल चढेपर्यंत.
मग शांतपणे समजावलं. कप्तान सर्वांत जास्त पॉइंट करतो हे खरं, पण त्यासाठी बॉल किती वेळा फेकतो? निम्मे शॉट वाया. उलट बाकावरचा बारा नंबर घ्या. अख्ख्या सीझनमध्ये चार शॉट, चारही आत. शंभर टक्के. असा माणूस टॉवेल सांभाळतो आणि पन्नास टक्केवाला मिरवतो. कोच "आँ" म्हणाले. पटलं.
बायको म्हणाली, मॅच हातची गेल्यावरच बारा नंबरला उतरवतात, तेव्हा त्याला अडवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. तिला आकडेवारीतलं कळत नाही. दातांतलं कळतं, ते नाकारत नाही.

८ जानेवारी
मॅच हरलो. बारा नंबर बाकावरच. कोच डाव लपवून ठेवतायत. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

११ जानेवारी
कोचच्या रूट कॅनलची दुसरी खेप. माझी टीम ऐकवली: बारा नंबर, आणि त्याला बॉल नेऊन द्यायला इतर चौघं. कप्तानाला कायमचं घरी बसवायचं का, असं स्पष्ट विचारलं. कोचनी ताबडतोब हात वर केला. दुखलं तर हात वर करा असं मीच सांगितलं होतं म्हणा, पण दुखण्याने हात इतका उंच जात नाही. डोळ्यांत पाणीही आलं. शेवटी कप्तान जुना माणूस, जीव तुटणारच.

१२ जानेवारी
रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, कोचनी पुढची वेळ मॅडमकडे मागितलीय. साहजिक आहे. आम्ही वारंवार भेटलो तर बातमी फुटेल.

१५ जानेवारी
भिंतीला कान लावला. कोच हसत होते. पूर्ण वाक्यं बोलत होते. आणि बायको काय करतेय, तर हवापाण्याच्या गप्पा. केवढी संधी पाण्यात.
संध्याकाळी सहज विचारलं, माझा विषय निघाला का. म्हणाली, निघाला की. त्यांनी विचारलं, तुमच्या मिस्टरांनी शेजारच्या दाढेला तर हात लावला नाही ना.
विषय बदलायची कोचची हातोटी चांगली आहे.

१९ जानेवारी
कप्तानाचा पाय मुरगळला. बारा नंबर सुरुवातीपासून खेळणार. कोचनी अखेर माझं ऐकलं. मुरगळणं हा निव्वळ बहाणा.

तोच दिवस, मॅचनंतर
अकरा शॉट. आत एकही नाही. दारुण हरलो. बॉल मला टीव्हीवर जरा जास्तच फुगलेला दिसत होता. शिवाय पंधरात चार म्हणजे शून्य नव्हे. बायकोने टीव्ही बंद केला आणि जेवायला वाढलं. अशा टीकेला माणूस काय उत्तर देणार?

२० जानेवारी
संकल्प: एका मॅचवरून मत बदलायचं नाही. फार तर पहिल्या चार शॉटांवरून ठरवायचं.

२१ जानेवारी
बायको बहिणीकडे गेलीय. तिचा एक पेशंट ताईंनी नाइलाजाने माझ्याकडे पाठवला. खुर्चीत मावेना, पोटऱ्यांपासून पुढचा सगळा बाहेर. बारा नंबर! परवाच्या मॅचमध्ये कोणाचं तरी कोपर लागून पुढच्या दाताचा टवका उडालाय. कोचनीच मॅडमचं नाव सुचवलं म्हणे.
या खेपेला भूल द्यायच्या आधीच बोललो. म्हटलं, परवाचं विसरा. सगळं शहर एका बाजूला आणि मी तुमच्या बाजूला. माझा विश्वास त्या चार शॉटांवर आहे.
गुणी माणूस. लाजून मान खाली घातली. म्हणाला, डॉक्टर, कोणाला बोलू नका, पण त्यातले दोन पास होते. जरा उंच गेले. तिसरा समोरच्याच्या डोक्यावर आपटून आत पडला.
चौथ्याचं सांगायला त्याने तोंड उघडलं.
मी भूल दिली.