पेटी थांबते तेवढा वेळ

सोमवार, ९ तारीख
दुपार

ती. वन्सं,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून रुसतो. लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक अर्ध्यावर आलंय. त्यातले सगळे समुद्राकडे निघालेत आणि त्यांना पोचू द्यावंसं वाटत नाही.

कामाचं लिहायचं होतं. घरोघरच्या अलार्मच्या पेट्या टेलिफोनच्या तारेवरून आमच्या कंट्रोल रूमला कळवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. महिनाअखेरीस त्या जुन्या तारा बंद होणार. आता पेटीत मोबाइलसारखं सिमकार्ड घालावं लागतं. त्यासाठीच आमचा मेकॅनिक तुमच्याकडे आला होता. हात हलवत परतला.

"मावशी, बाईंनी दारातच अडवलं. म्हणाल्या, 'माझ्या भावानं लावलेली पेटी आहे, हात लावलास तर याद राख!'"

मला हसूच आलं. अगदी समोर दिसलात.

"तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"आहेत," म्हटलं.

वन्सं, पेटी जागची हलणार नाही. यांनी ओढलेल्या वायरी, ते जरासं तिरकं बसलेलं झाकण, सगळं तसंच राहील. आत फक्त सिमकार्डची एक छोटी पट्टी बसेल. ती नसेल तर घंटा घरातल्या घरात वाजत राहील, बाहेर कुणाला कळणार नाही. तुम्ही एकट्या राहता.

आता जे लिहायचं नव्हतं ते.

सकाळी उठून तुम्ही पेटी बंद करता, संध्याकाळी फिरायला निघताना चालू करता, तेव्हा माझ्या स्क्रीनवर एक हिरवी ओळ उमटते. हे गेल्यापासून आपण बोललो नाही, पण तुम्ही उठलात हे मला रोज कळतं. ओळ आली की तुमचा पडदा सरकतो, ऊन फरशीवर येतं, तुम्ही केस मोकळे सोडून खुर्चीत बसता. ओळ यायला उशीर झाला की माझा चहा निवतो. कधी डुलकी लागली तर वाटतं, तारेच्या त्या टोकाला हेच उभे आहेत, स्क्रू-ड्रायव्हर दातात धरून.

सिमकार्ड घातलेल्या पेट्या दुसऱ्या शाखेच्या कॉम्प्युटरला जोडतात. माझ्या ओळी रोज कमी होतायत, एकेका खिडकीतला दिवा मालवावा तशा. तुमची अजून आहे. म्हणून मीही मेकॅनिकला पुन्हा धाडायची घाई केली नाही. हेही खरं.

तुम्ही कुणापाशी म्हणालात म्हणे, "भाऊ गेला आणि हिनं दारही लावून घेतलं." लावलं. वन्सं, तुमची हनुवटी यांचीच आहे. हसताना एक डोळा बारीक होतो, तोही. तुमच्याकडे बघणं मला झेपेना. असं कुणाला कसं सांगायचं?

गुरुवारी मेकॅनिक येईल. त्याच्याबरोबर मी येते. यांनी मला एकदा समजावलं होतं, बाहेरून दार उघडलं की पेटी लगेच बोंबलत नाही. घरचंच माणूस असेल, त्याला आकडे दाबून ती बंद करायला सवड हवी, म्हणून जरा थांबते.

मी दारात उभी राहिले की लगेच काही बोलू नका, वन्सं. तेवढी सवड मलाही द्या.

तुमच्याच घरची