खिडकीतलं भगदाड

७ ऑक्टोबर, सकाळ
निर्णय पक्का. खिडकीत बसणारा एसी घ्यायचा, हीटरवाला. सध्या उकाड्यानं अंग भाजतं आणि पुढच्या महिन्यात बाभुळगावात दात वाजतील. एकच मशीन, दोन्ही कामं. स्प्लिट नको. त्याचं अर्धं अंग बाहेर लटकतं, चोर नेतील. मी भित्रा नाही. माझी बायको पुष्पा झोपेत दचकते, तिच्यासाठी हा विचार.

१० ऑक्टोबर
यवतमाळला जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, बबनराव, खिडकीच्या एसीत हीटर सहसा येत नाही, नागपूरहून मागवावा लागेल. मागव म्हटलं. घरी येताना वेल्डर सोबतच आणला आणि खिडकीचे गज कापून घेतले. पुष्पानं विचारलं, मशीन आल्यावर कापले असते तर? प्लॅनिंग हा तिचा विषय नाही.

११ ऑक्टोबर
गज गेल्यावर खिडकी फार मोठी दिसते. मागे तुरीचं शेत. तूर डोक्याच्या वर गेली आहे, आत काय हलतं ते कळत नाही. भगदाडाला पुठ्ठा लावला. रात्रभर फडफडला. पुष्पा घोरत होती. भीतीनंच घोरत असावी.

१६ ऑक्टोबर
नेरच्या रस्त्यावर बिबट दिसला, असं शेजारच्या विमलताई सांगत होत्या. अफवांवर विश्वास ठेवू नये, असं त्यांना समजावलं. मग रात्रीचं जेवण दिवसाउजेडीच उरकलं. कुऱ्हाड उशाशी. संकल्प: संध्याकाळनंतर पाणी प्यायचं नाही, म्हणजे उठावं लागत नाही.

२१ ऑक्टोबर
हीटरवाला अजून आला नाही. साधा आजच बसवून देतो, असं दुकानदाराचं म्हणणं. पुष्पाही म्हणाली, साधा घ्या, थंडीसाठी गोधड्या आहेत. पण मी तत्त्वाचा माणूस आहे. झोप नाही.

२४ ऑक्टोबर, पहाट
अक्षर वाकडं येतं आहे, थंडीमुळे. भेव नाही वाटून राह्यलं. पुठ्ठा फाटून काहीतरी धप्पकन आत पडलं. मी तात्काळ निर्णय घेतला. बाहेर आलो, दाराला कडी घातली. संकट बंदिस्त. अंगणात पोचल्यावर लक्षात आलं, पुष्पा आतच आहे.
परत जाणारच होतो. पाय उचलेनात.

त्याच दिवशी, दुपार
मांजर होतं. पुष्पा आतून हाका मारत होती, पण आवाज तिचाच आहे याची खात्री पटेना. शेवटी ती खिडकीतून उतरून, घराला वळसा घालून माझ्यासमोर आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बिबट असता तं तुमी मले त्याच्यासंगच कोंडलं असतं."
मी मुद्देसूद उत्तर जुळवत होतो. तोवर ती पिशवी भरून नेरच्या बसमध्ये बसली. भावाकडे गेली.

९ नोव्हेंबर
एसी बसला. गार करतो, गरमही करतो. माझी निवड योग्य ठरली. पुष्पाला फोन करून सांगितलं, खोलीचा आता किल्ला झाला आहे, ये. तिनं विचारलं, "झोप लागते का तुमाले?" उत्तम लागते, म्हटलं. मग झोपा, म्हणाली, आणि फोन ठेवला.
हीटर लावून पाहिला. खोली मस्त तापली. पण मशीन असं गुरगुरतं की त्याच्याकडे पाठ करून पडवत नाही. सध्या विमलताईंच्या ओट्यावर आहे, स्वेटर आणि मफलर घालून. त्यांनी कारण विचारलं. सांगितलं, घरात फार गरम होतं.